गाठीच्या कॅन्सरला ज्यांचं नाव मिळालं ते डॉ. थॉमस हॉजकिन

हरिशंकरपुरम (ग्वाल्हेर), प्रतिनिधी : मानेला गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. लष्करातल्या जुन्या मराठी घरांत तिला गंडमाळ म्हणतात, शेजारचे हिंदी भाषक कंठमाला म्हणतात. बहुतेक वेळा ही गाठ साध्या संसर्गाची किंवा टीबीची निघते आणि औषधाने जाते. पण काही जणांच्या रिपोर्टवर एक इंग्रजी आडनाव छापून येतं : हॉजकिन लिम्फोमा. जयारोग्य रुग्णालयाच्या किंवा कॅन्सर हिलवरच्या इस्पितळाच्या फेऱ्या मारणाऱ्या घरांना हा शब्द पाठ होतो. तरी हॉजकिन हे औषधाचं नाव, जंतूचं नाव की माणसाचं, हे विचारायला त्या गडबडीत कोणाला सुचत नाही.

हॉजकिन हा माणूस होता. डॉक्टर होता, आणि स्वतःच्या शहरातल्या मोठ्या लोकांना न आवडणारा डॉक्टर होता. त्यांनी हा आजार १८३२ साली लिहून ठेवला. तो नेमका शरीरातल्या कोणत्या पेशीतून उगवतो हे मात्र १९९४ साली कळलं. मध्ये १६२ वर्षं गेली. एवढा वेळ का लागला आणि त्याचा आपल्या मानेतल्या गाठीशी काय संबंध, हे समजायचं तर या माणसाचं आयुष्य बघावं लागतं.

क्वेकर घरातला मुलगा

थॉमस हॉजकिन यांचा जन्म १७ ऑगस्ट १७९८ चा, लंडनजवळच्या पेंटनव्हिलचा. घर क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला साधेपणाने राहणारा पंथ. शपथ घ्यायची नाही, युद्धाला मदत करायची नाही, गुलामगिरी मान्य करायची नाही, राजा असो की नोकर सगळ्यांशी सारखं बोलायचं. या हट्टापायी त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारं त्यांना बंद होती. वडील खासगी शिकवण्या घ्यायचे, मुलाचं शिक्षण घरीच झालं. पुढे थॉमस ब्रायटनला एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला राहिले. मग लंडनच्या गायज रुग्णालयात आले आणि तिथून स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठात गेले, कारण तिथे पंथ विचारत नव्हते.

१८२१ मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे रेने लेनेक या डॉक्टरांनी नुकताच स्टेथोस्कोप शोधला होता. तेव्हा ती नुसती एक लाकडी नळी होती. हॉजकिन ती वापरायला शिकले आणि परतल्यावर त्यांनी ती गायज रुग्णालयात आणली. जुन्या डॉक्टरांना तिचं फारसं कौतुक वाटलं नाही. १८२३ साली एडिंबराहून त्यांना एम.डी. पदवी मिळाली.

मृतांचा निरीक्षक

१८२५ मध्ये गायज रुग्णालयाने स्वतःची वेगळी वैद्यकीय शाळा काढली. तिथे हॉजकिन यांना जी जागा मिळाली तिचं नाव आज ऐकायला विचित्र वाटतं : मृतांचा निरीक्षक आणि संग्रहालयाचा व्यवस्थापक. रुग्णालयात माणूस गेला की शवविच्छेदन करायचं, आत काय बिघडलं होतं ते बघायचं, लिहून ठेवायचं आणि बिघडलेला अवयव जपून ठेवायचा, असं ते काम. वय सत्तावीस-अठ्ठावीस. प्रतिष्ठेच्या मानाने ही जागा खालची होती. श्रीमंत रुग्ण, बग्गी, फी, यातलं काहीच तिच्यात नव्हतं.

हॉजकिन यांनी हे काम एखाद्या चोख कारकुनासारखं केलं. प्रत्येक शरीराची नोंद, प्रत्येक नमुन्याला क्रमांक, रुग्ण जिवंत असताना काय तक्रार होती आणि मेल्यावर आत काय दिसलं याचा ताळमेळ. काही वर्षांतच या संग्रहालयात तीन हजारांवर नमुने जमले आणि त्यांची छापील यादीही निघाली. लक्षण एका बाजूला, शरीरातला बिघाड दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, ही त्यांची पद्धत. त्या काळी बरेच डॉक्टर अंदाजावर चालत होते.

याच वर्षांत त्यांनी जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्यासोबत सुधारलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं. हे लिस्टर म्हणजे जंतुनाशक शस्त्रक्रिया सुरू करणाऱ्या जोसेफ लिस्टर यांचे वडील. तांबड्या पेशी गोळ्यासारख्या नसून दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारख्या असतात, हे दोघांनी १८२७ मध्ये छापलं. शरीराचं सगळं मांस सूक्ष्म गोळ्यांचं बनलेलं असतं, ही तेव्हाची लोकप्रिय समजूतही त्यांनी खोडली.

सात रुग्ण, एक निबंध

शवविच्छेदन करताना काही शरीरांत हॉजकिन यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मान, काख, छाती, पोट इथल्या लसिकाग्रंथी भरमसाट वाढलेल्या. लसिकाग्रंथी म्हणजे शरीराच्या संरक्षणाची चौकी. एरवी त्या वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान असतात आणि हाताला लागतही नाहीत. जवळपास जखम किंवा पू असेल तर त्या सुजतात, हे वैद्यांना पूर्वीपासून माहीत होतं. पण इथे जवळपास जखम नव्हती, पू नव्हता, आणि बहुतेकांत प्लीहाही बिघडलेली होती.

हॉजकिन यांनी अशा सात रुग्णांची हकिकत एकत्र मांडली. पहिला रुग्ण नऊ वर्षांच्या आसपासचा मुलगा होता. सातवा त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता. रॉबर्ट कार्स्वेल या डॉक्टरांनी काढलेल्या रंगीत चित्रांवरून त्यांनी तो ओळखला. हा निबंध जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीत वाचला गेला. हॉजकिन त्या संस्थेचे सभासद नव्हते, म्हणून चिटणिसांनी तो वाचून दाखवला.

निबंधाचा मुद्दा साधा होता. ही वाढ दुसऱ्या कशाची प्रतिक्रिया वाटत नाही, आजार मुळात या ग्रंथींचाच आहे. हॉजकिन यांनी याला कॅन्सर म्हटलं नाही, औषध सापडल्याचाही दावा केला नाही. दिसलं तेवढं लिहिलं. शिवाय आपल्याआधीही कोणी असं काही पाहिलं असेल असं सांगून सतराव्या शतकातल्या इटलीच्या माल्पिघी यांचं नावही दिलं.

पेशी पाहून त्यांनी हे ओळखलं असेल असं आज कोणाला वाटेल. तसं नव्हतं. मांसाचे पातळ काप करून त्यांना रंग द्यायची पद्धत तेव्हा बसलेलीच नव्हती. सगळा निबंध नुसत्या डोळ्यांनी दिसलेल्या आणि हाताला लागलेल्या गाठींवर उभा होता. सोसायटीत तो वाचला गेला, छापला गेला आणि लोक विसरून गेले.

नोकरी गेली ती गाठीमुळे नव्हे

हॉजकिन यांना दोन गोष्टींचं वेड होतं : वैद्यक आणि दुबळ्यांचा कैवार. लंडनच्या कारागीर वस्तीत ते आरोग्यावर व्याख्यानं द्यायचे. स्वच्छ हवा, अंघोळ, व्यायाम, दारू आणि तंबाखूपासून लांब राहणं, हे विषय. त्या व्याख्यानांचं पुस्तक १८३५ मध्ये निघालं. गरिबांकडून फी मागायला ते कचरायचे आणि श्रीमंतांकडे विसरून जायचे, त्यामुळे खासगी व्यवसाय कधी जोरात चाललाच नाही.

खरी अडचण वेगळीच झाली. उत्तर अमेरिकेत हडसन बे कंपनी लोकरी कातड्यांचा व्यापार करत होती. ईस्ट इंडिया कंपनीचा अनुभव असलेल्या आपल्या लोकांना अशा कंपनीबद्दल फार सांगायला नको. तिथल्या मूळ रहिवाशांचे या व्यापारापायी जे हाल होत होते त्यावर हॉजकिन यांनी आवाज उठवला. गायज रुग्णालयाचे खजिनदार बेंजामिन हॅरिसन यांच्या हातात रुग्णालयाचा सगळा कारभार होता, आणि तेच या कंपनीच्या कारभारी मंडळातही होते. हॉजकिन यांनी मूळ रहिवाशांच्या हालांची माहिती सरळ हॅरिसन यांच्यासमोर मांडली.

१८३७ मध्ये रुग्णालयात सहायक फिजिशियनची जागा रिकामी झाली. बारा वर्षं शवागारात राबलेल्या हॉजकिन यांचा त्या जागेवर हक्क होता असं अनेकांना वाटत होतं. जागा मिळाली बेंजामिन बॅबिंग्टन यांना. बॅबिंग्टनही लायक होते, पूर्वी मद्रासला नोकरीत होते आणि तमिळचे जाणकार होते. पण निवड कशावर झाली हे सगळे जाणून होते. हॉजकिन यांनी राजीनामा दिला. वय ३९. विकृतिशास्त्रातलं त्यांचं मोठं काम तिथेच थांबलं.

थोडं जमवून घेतलं असतं तर जागा मिळाली असती. त्यांनी त्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या रक्षणासाठी ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन सोसायटी उभी करण्यात पुढाकार घेतला. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची फेलोशिप त्यांना देऊ केली होती, तीही त्यांनी घेतली नाही. डॉक्टरांमध्ये वरची आणि खालची जात असावी हे त्यांना पटत नव्हतं.

घरच्या आघाडीवरही मन मारावं लागलं. चुलत बहिणीशी लग्न करायची इच्छा होती, पंथाचा नियम आडवा आला. १८५० मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी एका विधवा बाईंशी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही.

नाव मिळालं, माणूस गेला

गायज रुग्णालयातल्याच सॅम्युएल विल्क्स या तरुण डॉक्टरांना १८५६ च्या सुमारास असेच रुग्ण दिसले. आपण नवीन काही शोधलं असं त्यांना वाटलं. मग कळलं की याच इमारतीत चोवीस वर्षांपूर्वी कोणीतरी हे लिहून ठेवलं आहे. दुसरा एखादा असता तर गप्प बसला असता. विल्क्स यांनी १८६५ मध्ये पुन्हा निबंध लिहिला आणि आजाराला सरळ हॉजकिनचं नाव दिलं.

हॉजकिन तेव्हा जिवंत होते. पुढच्याच वर्षी ते आपले जुने मित्र, ज्यू दानशूर सर मोझेस माँटेफिओरे यांच्यासोबत पॅलेस्टाइनला निघाले. वाटेत जाफा इथे हगवणीने आजारी पडले आणि ४ एप्रिल १८६६ रोजी गेले. जाफातच त्यांना पुरलं. क्वेकर माणसाच्या थडग्यावर ज्यू मित्राने दगडी स्तंभ उभारला.

मग पेशीचा माग सुरू झाला

हॉजकिन गेल्यावर काप आणि रंग यांचं तंत्र आलं. गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर डॉक्टर चक्रावले. कॅन्सरच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी खच्चून भरलेल्या दिसायला हव्यात. इथे बहुतेक पेशी साध्या, संसर्गात दिसतात तशा. त्या गर्दीत अधूनमधून एखादी राक्षसी आकाराची पेशी, दोन मोठ्या केंद्रकांची, घुबडाने डोळे वटारावेत तशी.

व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये या पेशींचं तपशीलवार वर्णन केलं, पण हा टीबीचाच एक प्रकार असावा असं त्यांना वाटलं. बऱ्याच रुग्णांना टीबीही असायचा, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टर बाईंनी आठ रुग्णांचा अभ्यास करून हे खोडलं. हा आजार वेगळा, टीबी वेगळा, आणि ही विशिष्ट पेशी दिसली तरच आजार ओळखावा, असं त्यांनी मांडलं. आज त्या पेशीला रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. बाईमाणसाला तिथे पुढे बढतीची आशा नव्हती, म्हणून रीड यांनी ते क्षेत्र सोडलं आणि पुढे माता-बालकांच्या आरोग्याचं काम केलं.

१९२६ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. हॉजकिन यांच्या मूळ रुग्णांपैकी तिघांचे नमुने गायजच्या संग्रहालयात अजून शाबूत होते. अमेरिकेतल्या हर्बर्ट फॉक्स यांनी त्यांचे काप तपासले. दोन रुग्णांत खरोखर हाच आजार निघाला. नुसत्या डोळ्यांनी केलेलं निदान नव्वदहून जास्त वर्षांनी सूक्ष्मदर्शकाच्या परीक्षेत उतरलं. नमुना जपला नसता, क्रमांक घातला नसता, तर ही परीक्षा झालीच नसती.

तरी मूळ प्रश्न राहिलाच. ही घुबडडोळ्यांची पेशी जन्माला कुठून येते? गाठीत तिचं प्रमाण शेकडा एक किंवा त्याहूनही कमी असू शकतं. अख्खी गाठ वाटून तपासली तर बाकीच्या नव्याण्णव पेशींचंच उत्तर येतं. त्यात या पेशीने आपल्या मूळ कुळाच्या बऱ्याच खुणा पुसून टाकलेल्या असतात. विसाव्या शतकात तिच्यावर निरनिराळ्या पेशींचं पितृत्व लादून झालं.

१९९४ मध्ये जर्मनीत राल्फ कुपर्स, क्लाउस रायेव्स्की, मार्टिन-लिओ हान्समान आणि सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. पातळ कापातून एकेक राक्षसी पेशी अलगद उचलायची आणि फक्त तिचंच जनुक तपासायचं. शरीरात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना बी-पेशी म्हणतात. प्रत्येक बी-पेशी आपलं प्रतिपिंडाचं जनुक स्वतःच्या पद्धतीने जुळवते, त्यामुळे ते तिच्या अंगठ्याच्या ठशासारखं असतं. एका रुग्णाच्या या राक्षसी पेशींत तोच ठसा पुन्हा पुन्हा मिळाला. म्हणजे सगळ्या एकाच बी-पेशीची पिलावळ.

पुढच्या तपासात आणखी कळलं. लसिकाग्रंथीत बी-पेशींची जणू तालीम चालते. तिथे जनुकात फेरफार होतात, चांगलं प्रतिपिंड बनवणारी पेशी टिकते, बिघडलेली मरते. हॉजकिनची पेशी याच तालमीतून निघालेली असते. बऱ्याचदा तिचं जनुक इतकं मोडलेलं असतं की नियमाप्रमाणे ती मरायला हवी होती. ती मेली नाही. काही रुग्णांत तिला जगवण्यात एपस्टाइन-बार या विषाणूचा हात असतो. आपल्याकडच्या लहान मुलांच्या गाठींत हा विषाणू पाश्चात्य देशांपेक्षा बराच जास्त सापडतो. मोजक्या रुग्णांत मूळ टी-पेशीत निघतं, पण बहुतेकांत बी-पेशीच.

आपल्या गाठीचं काय?

भारतात गाठीचा तुकडा नीट बघण्याची शिस्त बसवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. मुंबईत परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घेतली. त्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हटलं जातं. रुग्णाची हकिकत आणि काचेवरचा काप यांचा मेळ घालायचा, हा हॉजकिन यांचाच धडा तिथे गिरवला गेला.

हॉजकिन यांच्या सात रुग्णांपैकी कोणाला औषध मिळालं नाही, कारण औषधच नव्हतं. आज किरणोपचार आणि चार औषधांचं मिश्रण यांनी हा कॅन्सर बरा होणाऱ्या कॅन्सरांत गणला जातो. लवकर सापडला तर दहातले आठ-नऊ रुग्ण बरे होतात. यात तरुण पोरं जास्त असतात, म्हणजे वाचतं ते अख्खं आयुष्य.

पण आधी तो सापडला पाहिजे, आणि तिथे पेशीचा हा सगळा इतिहास कामाला येतो. दोषी पेशी शंभरात एखादी असल्यामुळे सुईने काढलेल्या थेंबभर पाण्यात ती निसटू शकते. म्हणून संशय असेल तर डॉक्टर पूर्ण गाठ काढून बायोप्सीला पाठवायला सांगतात. घरचे घाबरतात, कापल्यावर पसरेल म्हणतात. ही भीती निराधार आहे. गाठ न दुखणारी, रबरासारखी असेल, तीन-चार आठवड्यांत उतरत नसेल, सोबत ताप, रात्री अंग भिजवणारा घाम, वजनात घट असेल तर थांबू नये. टीबीचं औषधही पुराव्याशिवाय महिनोन्‌महिने चालू ठेवू नये. टीबीच असेल तर तेही त्याच तुकड्यातून कळतं.

हॉजकिन यांना फिजिशियनची जागा मिळाली नाही, पैसा मिळाला नाही, आजाराला नाव मिळालं तेव्हा आयुष्याचं एकच वर्ष उरलं होतं. मागे राहिल्या त्या नीट लिहिलेल्या नोंदी आणि जपून ठेवलेले नमुने. त्या आधारावर पुढच्या पिढ्यांना प्रश्न विचारता आले. तेव्हा बायोप्सी झाली की रिपोर्ट, काचेची स्लाइड आणि मेणातला तुकडा यांची चौकशी करा, कुठे ठेवलंय ते लिहून ठेवा. उद्या दुसऱ्या शहरात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर तेच लागतं.